हायपर की हायपो? केसपेपरवरचे उपसर्ग कसे वाचायचे

सोलापुरातल्या दवाखान्यांना माणसं कायम लागतात. रिसेप्शनला, लॅबमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर, विम्याच्या कॅशलेसच्या टेबलावर, रेकॉर्ड रूममध्ये, वॉर्डात. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर आणि सीमेपलीकडचे इंडी-आळंद एवढ्या टापूतला पेशंट इथं येतो. त्यामुळे डीएमएलटी (लॅबचा कोर्स) किंवा जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करणाऱ्यांना तर काम मिळतंच, पण नुसतं बी.कॉम. झालेली मुलंमुलीही इथं लागतात. सुरुवातीला सगळ्यांची अडचण सारखीच असते. केसपेपरवरची अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मग कुणीतरी सीनियर शे-दोनशे शब्दांची यादी हातात ठेवतं आणि म्हणतं, पाठ करून टाक.

ती यादी बाजूला ठेवा. हे शब्द पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. फोडायला लागणारं व्याकरण तुम्ही शाळेत मराठीच्या तासाला शिकलेलेच आहात: उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथं उगाच बिचकतात. माझं मत उलटं आहे. हे काम त्यांनाच सोपं जातं, आणि त्याचं कारण दुसऱ्या पायरीत आहे.

पहिली पायरी: शब्द मागून धरा

वैद्यकीय शब्दाचे साधारण तीन तुकडे असतात. पुढे उपसर्ग, मधे मूळ, मागे प्रत्यय. मूळ म्हणजे अवयव किंवा पदार्थ, प्रत्यय म्हणजे काय झालंय, आणि उपसर्ग म्हणजे किती, कुठे, कधी. नवीन माणूस डावीकडून वाचायला जातो आणि 'हायपो...' म्हणून अडखळतो. आधी शेवट बघा, मग सुरुवात, मग मधलं.

पेरिकार्डायटिस घ्या. शेवटचा 'आयटिस' म्हणजे दाह. सुरुवातीचा 'पेरी' म्हणजे भोवती. मधला 'कार्ड' म्हणजे हृदय. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. हायपोग्लायसेमिया तसाच: 'इमिया' म्हणजे रक्तात, 'हायपो' म्हणजे कमी, 'ग्लाय' म्हणजे साखर.

शेवटच्या तुकड्यांपैकी सहा-सात आले तरी रोजचं भागतं. 'इमिया' म्हणजे रक्तात, 'युरिया' म्हणजे लघवीशी संबंधित, 'प्निया' म्हणजे श्वास, 'आयटिस' म्हणजे दाह, 'प्लेजिया' म्हणजे लुळेपणा, 'पेनिया' म्हणजे कमतरता, 'सायटिक' म्हणजे पेशीचं. प्रत्येक शब्दाला उपसर्ग असतोच असं नाही. गॅस्ट्रायटिसला तो नाही, नुसतं जठर आणि दाह. नसलेला उपसर्ग शोधत बसू नका.

दुसरी पायरी: ओळखीचे उपसर्ग आधी घ्या

हे उपसर्ग ग्रीक आणि लॅटिनमधले. या दोन्ही भाषा आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, म्हणून बरेच उपसर्ग आपल्या उपसर्गांचे सख्खे नातेवाईक निघतात.

'अ' आणि 'अन्' हे सर्वांत सोपे. मराठीत अशक्य आणि अनावश्यक, तसं तिकडे अॅप्निया, म्हणजे श्वास थांबणं, आणि अॅन्युरिया, म्हणजे लघवी जवळजवळ बंद होणं. केसपेपरवर 'अफेब्राइल' दिसलं की ताप नाही. पुढे स्वर आला की मधे 'न' येतो, ही सवयही दोन्हीकडे एकच.

'डिस' हा आपला 'दुर्' किंवा 'दुस्'. दुर्गंध, दुष्काळ, दुष्कर. डिस्निया म्हणजे श्वास घेताना त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवीला जळजळ किंवा त्रास, डिस्पेप्सिया म्हणजे पचनाची तक्रार. पेशंट म्हणतो 'जिना चढला की धाप लागते', डॉक्टर लिहितात डिस्निया.

'पेरी' म्हणजे 'परि'. परिसर, परिघ, परिक्रमा, सगळीकडे भोवती हाच अर्थ. हाडाभोवतीचं आवरण ते पेरिऑस्टियम.

'हायपो' हा 'उप'चा भाऊ. उपसरपंच सरपंचाच्या खालचा, उपकेंद्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खालचं. 'हायपर' हा 'उपरि'चा भाऊ, म्हणजे वर. मराठीत 'अति' म्हणून बघितला तर आणखी पटकन बसतो. 'यू' हा आपल्या 'सु'च्या अर्थाचा: युथायरॉइड म्हणजे थायरॉइड ठीक आहे. 'इंटर' म्हणजे 'अंतर्', 'ट्राय' म्हणजे 'त्रि', 'बाय' आणि 'डाय' म्हणजे 'द्वि'.

एक सावधगिरी. 'अ' आला म्हणजे पूर्ण शून्य, असं धरून चालू नका. अॅनिमियाचा शब्दशः अर्थ रक्त नसणं, पण रक्त नसलेला माणूस तुमच्यासमोर बाकावर बसणार नाही. तिथं अर्थ हिमोग्लोबिन कमी असणं एवढाच. अॅन्युरियातही मोठ्या माणसाची दिवसाची लघवी साधारण 100 मिलीपेक्षा कमी झाली की तो शब्द वापरतात. उपसर्ग दिशा सांगतो, नेमकं माप रिपोर्टातच बघायचं.

तिसरी पायरी: जोड्या लावून शिका

सुटे उपसर्ग डोक्यात राहत नाहीत. विरुद्ध अर्थाची जोडी राहते. सगळ्यांत महत्त्वाची जोडी लेखाच्या शीर्षकातच आहे आणि तिच्यावर थोडा वेळ घालवायला हवा.

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. लिहिताना दोन अक्षरांचा फरक, घाईत बोलताना त्याहून कमी. पण हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर 70च्या खाली, आणि हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर वाढलेली. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध. वॉर्डात नुसतं 'पेशंट हायपोत गेला' म्हणतात, तेव्हा अर्थ साखर उतरली असाच घ्यायचा. बीपी उतरलं असेल तर सिस्टर 'बीपी लो आहे' असं म्हणतात, हायपोटेन्शन हा शब्द बोलण्यात कमी आणि कागदावर जास्त.

पोटॅशिअमला लॅटिनमध्ये कॅलियम म्हणतात, सोडिअमला नॅट्रियम. म्हणून पोटॅशिअम वाढलं की हायपरकलेमिया, घटलं की हायपोकलेमिया. सोडिअम घटलं की हायपोनेट्रेमिया. पोटॅशिअम साधारण 3.5 ते 5 मध्ये असावं लागतं आणि फार वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून लॅब असा रिपोर्ट छापून येण्याची वाट न बघता वॉर्डात फोन करते. इथं माझा आग्रह एकच: फोनवर 'हायपरकलेमिया आहे' असं सांगू नका. 'पोटॅशिअम सहा पॉइंट आठ' असा आकडा सांगा, आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका. मागे पंख्याचा आवाज, काउंटरवर गर्दी, त्यात शेवटचं 'पर' आणि 'पो' कुणाला ऐकू येतंय? आकडा मात्र चुकीचा ऐकला तरी परत म्हणताना पकडला जातो.

थायरॉइडचा रिपोर्ट हा या जोडीतला सगळ्यांत मोठा चकवा. टीएसएचच्या पुढे जास्तीची खूण असते, नवीन माणूस सांगतो 'हायपर आहे'. बहुतेक वेळा ते हायपो असतं. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते आणि थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावलं की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणजे टीएसएच वर, थायरॉइड खाली. हायपर किंवा हायपो हे ग्रंथीच्या कामाबद्दल बोलतात, कागदावरच्या बाणाबद्दल नाही.

आणि हायपरटेन्शन. नातेवाईक हमखास विचारतात, 'एवढं कसलं टेन्शन घेत होते हे?' ते टेन्शन मनाचं नव्हे, रक्तवाहिन्यांमधल्या दाबाचं. शांत, हसऱ्या, कशाचीच काळजी न करणाऱ्या माणसालाही हायपरटेन्शन असतं, आणि 'मला कुठे टेन्शन आहे' म्हणून गोळी बंद करणारे पेशंट तुम्हाला भरपूर भेटतील. काउंटरवर बोलताना सरळ 'रक्तदाब जास्त' म्हणा.

हायपोचा दुसरा अर्थ 'कमी' नसून 'खाली' आहे. पोटदुखीच्या कागदावर 'राइट हायपोकॉन्ड्रियम' येतं. तिथं काहीही घटलेलं नसतं. बरगड्यांच्या कूर्चेखालची उजवी बाजू, जिथं यकृत आणि पित्ताशय असतं, ती जागा. तेव्हा शब्द प्रमाणाबद्दल बोलतोय की जागेबद्दल, हे आधी ठरवा.

बाकीच्या जोड्या भराभर घेऊ. टॅकी म्हणजे वेगाने, ब्रॅडी म्हणजे सावकाश. मोठ्या माणसाची नाडी आरामात असताना मिनिटाला 100च्या वर गेली की टॅकीकार्डिया, 60च्या खाली आली की ब्रॅडिकार्डिया. श्वास मिनिटाला 20च्या वर गेला की टॅकिप्निया. मॅक्रो मोठा, मायक्रो लहान: सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 80च्या खाली असेल तर लाल पेशी मायक्रोसायटिक, 100च्या वर असेल तर मॅक्रोसायटिक. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा लोह कमी असतं, दुसऱ्यात बी-12 किंवा फॉलिक अॅसिड कमी असू शकतं. मेडिकलच्या काउंटरवर मात्र 'मायक्रो'चा अर्थ नुसता लहान एवढाच नाही. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि 1000 मायक्रोग्रॅम म्हणजे 1 मिलिग्रॅम. चिठ्ठीवरचं 50 आणि पुढचं एकक, दोन्ही बोट ठेवून वाचा.

पॉली आणि ओलिगो ही जोडी सोलापूरच्या उन्हाळ्यात कामी येते. पॉलियुरिया म्हणजे फार लघवी, मोठ्या माणसात दिवसाला 3 लिटरच्या वर. ओलिगुरिया म्हणजे कमी, 400 मिलीच्या आत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, शेतातून किंवा लूमवरून म्हातारी माणसं ऊन लागून येतात. तेव्हा कागदावर डिहायड्रेशन आणि ओलिगुरिया हे शब्द शेजारी शेजारी दिसतात. डिहायड्रेशनमधला 'डी' म्हणजे काढून घेतलेलं, शरीरातलं पाणी गेलेलं. तो 'डिस' नव्हे, मधला स नीट बघा. याच दिवसांत सिस्टर इनटेक-आउटपुट चार्टवर लघवीची नोंद मिलीत मागतात. 'थोडी झाली' अशी नोंद करू नका.

चौथी पायरी: जागा सांगणारे

'इंटर' आणि 'इंट्रा' यात गोंधळ होत नाही असा नवखा मला अजून भेटायचाय. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आठवा. आंतरजिल्हा बदली म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, जिल्हांतर्गत बदली म्हणजे त्याच जिल्ह्याच्या आत. इंटर म्हणजे आंतरजिल्हा, इंट्रा म्हणजे जिल्हांतर्गत. इंटरकॉस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधलं, इंट्राक्रेनियल म्हणजे कवटीच्या आतलं.

इंजेक्शनच्या चार्टवर चार लघुरूपांत दोन उपसर्गांचं काम रोज चालतं. आयव्ही म्हणजे इंट्राव्हेनस, शिरेच्या आत. आयएम म्हणजे इंट्रामस्क्युलर, स्नायूच्या आत. आयडी म्हणजे इंट्राडर्मल, त्वचेच्याच थरात, बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजी तशी देतात. एससी म्हणजे सबक्युटेनियस, त्वचेच्या खाली, इन्शुलिन असं घेतात. 'सब' म्हणजे खाली, म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी सबलिंग्वल. इंजेक्शन कसं द्यायचं हे तुम्ही ठरवत नाही, पण चार्टवरची दोन अक्षरं कशाची आहेत हे माहीत असलं की नोंद चुकत नाही.

दुचाकीवरून पडलेला, हेल्मेट नसलेला पेशंट आला की सीटी स्कॅनच्या कागदावर याच उपसर्गांची उजळणी होते. मेंदूवरचं जाड आवरण म्हणजे ड्युरा. एक्स्ट्राड्युरल किंवा एपिड्युरल म्हणजे त्या आवरणाच्या बाहेर, कवटीच्या बाजूला. सबड्युरल म्हणजे आवरणाच्या खाली. इंट्रासेरेब्रल म्हणजे थेट मेंदूच्या आत. रक्त कुठे साचलंय हे उपसर्गानेच सांगितलेलं असतं, आणि ऑपरेशनच्या परवानगीच्या कागदावरही तोच शब्द उतरवायचा असतो. घाईत 'सब'चं 'एक्स्ट्रा' होऊ देऊ नका.

'एपि' म्हणजे वर. एपिगॅस्ट्रियम ही पोटाची वरची मधली जागा. 'एंडो' म्हणजे आत, म्हणून आतून बघायची ती एंडोस्कोपी. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे किंवा आरपार, ट्रान्सफ्युजन त्यातलंच. हे तीन एवढ्यावर सोडून पुढे जाऊ.

पाचवी पायरी: वेळ सांगणारे

प्री आधी, पोस्ट नंतर, पेरी मात्र इथं 'आजूबाजूच्या काळात'. प्री-ऑप म्हणजे ऑपरेशनआधी, पोस्ट-ऑप म्हणजे नंतर, पेरिऑपरेटिव्ह म्हणजे आधी, मधे आणि नंतर सगळं मिळून. पीपी शुगरमधला पहिला पी हा पोस्ट, दुसरा प्रँडियल म्हणजे जेवणाचा. पेशंटला 'पीपी करायचीय' सांगून उपयोग नाही, 'जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी या' असं सांगा. नाहीतर माणूस चहा-बिस्किट खाऊन अर्ध्या तासात परत हजर.

प्रसूती विभागात 'अँटे' भेटतो. एएनसी म्हणजे अँटेनेटल केअर, बाळंतपणाआधीची तपासणी. आशाताईंना हा शब्द तोंडपाठ असतो. त्याच कार्डावर बाईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची नोंदही असते, साधारण 28व्या आठवड्यात आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. 'अँटे' म्हणजे आधी, 'अँटी' म्हणजे विरुद्ध. एकाच कार्डावर दोघंही बसलेले असतात, म्हणून हीच जागा ते पक्कं करायला उत्तम. 'निओ' म्हणजे नवं: निओनेट म्हणजे 28 दिवसांपर्यंतचं बाळ, एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) एन तोच. 'प्रायमी' पहिलटकरीण, 'मल्टी' म्हणजे आधीही बाळंतपणं झालेली.

सहावी पायरी: फसवे शब्द

उपसर्ग कळायला लागले की माणूस दिसेल तिथे उपसर्ग काढतो. इथं थोडं थांबायला हवं.

'पॅरा'ची तीन तोंडं आहेत. पॅराथायरॉइडमध्ये तो उपसर्ग, अर्थ 'शेजारी', थायरॉइडला लागून असलेल्या ग्रंथी. पॅराप्लेजियाही त्याच घरचा, पण तिथं अर्थ दोन्ही पाय लुळे पडणं असा बसला आहे. प्रसूती कार्डावर 'जी टू पी वन' लिहितात, तिथला पी म्हणजे पॅरा, पण तो उपसर्गच नाही, लॅटिनमध्ये जन्म देणं या अर्थाच्या शब्दातून आलेला. जी म्हणजे किती वेळा गर्भ राहिला, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली. आणि पॅरासिटामॉलमधला पॅरा रसायनशास्त्रातला, रेणूच्या कड्यावर समोरासमोरची जागा दाखवणारा. शेजार वगैरे काही नाही.

'हेमी' आणि 'हिम'. हेमिप्लेजिया म्हणजे शरीराची अर्धी बाजू लुळी, हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त. पहिला अर्धा, दुसरा रक्ताचा. इंग्रजीत एकाच अक्षराचं अंतर, त्यामुळे घाईतल्या हस्ताक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. शेवट बघा: 'प्लेजिया' असेल तर अर्धाच.

देवनागरीत लिहिताना आणखी एक घोळ होतो. गिळताना त्रास होतो तो डिस्फेजिया, आणि बोलताना शब्द सापडत नाहीत तो डिस्फेझिया. अर्धांगाच्या पेशंटमध्ये दोन्ही असू शकतात. पहिल्या पेशंटला तोंडाने पाणी द्यायचं की नाही हा प्रश्न असतो, दुसऱ्याला नाही. हे दोन शब्द मराठी लिपीत लिहून ठेवूच नका. 'गिळता येत नाही' किंवा 'बोलता येत नाही' असं सरळ लिहा.

युथायरॉइड आणि युरेमिया हे शब्दही एकाच कुटुंबातले वाटतात. पहिल्यातला 'यू' म्हणजे ठीक, दुसऱ्यातला 'यूर' म्हणजे लघवी. किडनीने काम थांबवलं आणि रक्तात घाण साठली की युरेमिया. तिथं सु-बिसु काही नाही. हाडांच्या विभागात 'अॅब्डक्शन' आणि 'अॅडक्शन' आहेत, हातपाय शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं. काही डॉक्टर मुद्दाम 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असं अक्षर सुटं करून बोलतात. ती पद्धत तुम्हीही उचला.

सातवी पायरी: एक कागद शेवटपर्यंत वाचा

आता नमुन्याचा एक कागद घेऊ. पेशंट 58 वर्षांची बाई, आयुष्यभर विड्या वळल्या. कागदावर लिहिलंय:

'एक्झर्शनल डिस्निया, पॉलियुरिया, नॉक्टुरिया. नोन केस ऑफ हायपरटेन्शन, हायपोथायरॉइड. टॅकीकार्डिया, अफेब्राइल. सीबीसी: मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक अॅनिमिया. पोस्टप्रँडियल शुगर 286.'

मागून धरत फोडा. श्रमाने धाप लागते. लघवी फार होते आणि रात्रीही उठावं लागतं. 'नॉक्टुरिया'त उपसर्ग नाही, 'नॉक्ट' म्हणजे रात्र हे मूळ आहे. रक्तदाब जास्त आणि थायरॉइड कमी असल्याचं आधीपासून माहीत आहे. नाडी जलद, ताप नाही. लाल पेशी लहान आणि फिकट, हिमोग्लोबिन कमी. जेवणानंतरची साखर जास्त. 'हायपोक्रोमिक'मधला क्रोम म्हणजे रंग, म्हणून फिकट.

बघा, बाईने सिस्टरला काय सांगितलं असेल तेच निघालं: 'चाललं की दम लागतोय, रात्री चार-चारदा उठावं लागतंय.' कागद आणि बाई एकच गोष्ट सांगतायत की नाही, हे ताडून बघायची सवय लावा. कागदावर पॉलियुरिया आणि बाई म्हणतेय लघवीच होत नाही, असं असेल तर कागद घेऊन सिस्टरकडे जा. यातून मधुमेह नवा की जुना, धाप रक्त कमी असल्यामुळे की छातीमुळे, हे ठरवायला तुम्ही बसलेले नाही आहात. ते डॉक्टरांचं काम.

सरावासाठी रोज आलेल्या कागदांतले तीनच शब्द वहीत उतरवा, पेशंटचं नाव न लिहिता. शब्द, त्याचे तुकडे आणि पेशंटने तीच तक्रार कशी सांगितली ते. तिसरा रकाना सोडू नका, सोलापुरात तर नाहीच. इथं एकाच बाकावर तेलुगू बोलणारे मामा, कन्नड बोलणारी आजी आणि मराठी बोलणारा रिक्षावाला बसलेला असतो. तिघांनाही डिस्निया सांगून काही पोचत नाही, 'दम' मात्र खुणेनेही कळतो.

शेवटी कॅशलेसच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी. विमा कंपनीचे लोक कागद बारकाईने जुळवून बघतात. अॅडमिशनच्या कागदावर हायपोथायरॉइड आणि डिस्चार्ज कार्डावर हायपरथायरॉइड असं निघालं की क्वेरी येते, आणि पेशंट बॅग भरून बाकावर ताटकळत बसतो. फाइल पाठवण्याआधी निदानाच्या ओळीतले उपसर्ग सगळ्या कागदांवर सारखे आहेत ना, हे रिपोर्टातल्या आकड्यांशी ताडून बघा. फरक सापडला तर स्वतः पेन चालवू नका. व्हाइटनर तर मुळीच नाही. कागद डॉक्टरांसमोर ठेवा, चुकीच्या शब्दावर त्यांनीच एक रेघ मारून बाजूला बरोबर शब्द लिहायचा, सही आणि तारीख टाकायची. मगच स्कॅन करा.